तंजावूर केंद्र

माझ्या आत्याच्या यजमानांनी, आमच्याकडे त्यांना मामाच म्हणतात, उभ्या आयुष्यात कोणत्याही वस्तूला पहिल्या भेटीत मान डोलावलेली नाही. माणसांचं तसं नव्हतं. बसमध्ये शेजारी बसलेला अनोळखी माणूस उतरेपर्यंत त्यांच्या घरी जेवायला यायचं कबूल करून जात असे. पण तोच माणूस येताना भेट म्हणून टॉर्च घेऊन आला, तर मामा आधी टॉर्चचं झाकण फिरवून बघत, मग स्प्रिंग ओढून बघत, आणि पाहुणा पायरीवर उभाच असे. "माणूस चुकला तर माफी मागतो," ते म्हणत, "वस्तू चुकली तर नुसती पडून राहते. तिला आधीच तपासून बघावं." हे 'तपासून बघ' त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं आहे की लहानपणी मला तो आशीर्वादाचाच एक प्रकार वाटत असे.

त्यांच्याबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. कॉलेजात गेलेली मी आमच्या घरातली पहिली. मराठी आम्ही घरात बोलतो, पण त्यात तमिळ इतकं मिसळलेलं असतं की इथे ते थोडं सोपं करूनच लिहिते आहे. आणि देवनागरी वाचायला मला शिकवलं तेही मामांनीच, तेसुद्धा पुस्तकातून नव्हे. आमच्या गावात तशी पुस्तकं सहज मिळत नाहीत. मामांनी मला अक्षरं शिकवली ती स्टोव्हच्या, पंख्याच्या आणि इस्त्रीच्या खोक्यांवर हिंदीत छापलेल्या सूचनांवरून. मी आयुष्यात वाचलेला पहिला देवनागरी शब्द 'सावधान' हा आहे. अजूनही आमच्याकडच्या लग्नात भटजींनी 'सावधान' म्हटलं की मला नवरानवरीच्या आधी स्टोव्हची पिन आठवते.

मामा मद्रासला एका प्रयोगशाळेत मदतनीस होते. बाजारात येणाऱ्या विजेच्या वस्तू तिथे तपासल्या जात. तपासायचे साहेब, मामांचं काम पाडायचं. इस्त्री मेजावरून खाली पाडायची, उचलायची, पुन्हा पाडायची, आणि दांडा निखळला की साहेबांना हाक मारायची. अशी पंचवीसेक वर्षं त्यांनी वस्तू पाडल्या. निवृत्त होऊन तंजावूरला परत आले तरी त्यांचे हात घरात तेच करत राहिले. आत्या एक गोष्ट नेहमी सांगते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तिचं मंगळसूत्र हळूच हातात घेतलं. तिला वाटलं, आता काहीतरी गोड बोलणार. तर त्यांनी दोरा दोन्हीकडून ओढून बघितला आणि म्हणाले, "हा टिकायचा नाही. बदलू या." एवढं सांगून आत्या आधी कपाळावर हात मारते आणि मग, जरा थांबून, म्हणते, "बदललेला मात्र अजून तुटला नाही हो."

आमच्या घरी ते रोज सकाळी कापी, म्हणजे कॉफी, प्यायला येत. आले की 'कसे आहात' विचारण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन गॅसची नळी दोन बोटांत दाबून बघत. मग कुकरची शिटी. मग पेल्याची कड, कुठे धार आली आहे का म्हणून. एवढं झाल्यावर माझ्या आईला म्हणत, "काय वहिनी, बरं आहे ना?" आई म्हणायची, "तुम्हीच सांगा, आत्ताच तर बघून आलात." टाउन बसमध्ये चढले की मागच्या दाराची कडी उघडते का ते बघितल्याशिवाय ते बसत नसत, कंडक्टर लोकांना ते इतके सवयीचे झाले होते की एक जण आपणहून ओरडायचा, "सार, उघडतं, बघितलं मी!" मला कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता तेव्हा वडिलांना त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून माझ्याबरोबर मामा आले. मी रांगेत उभी असताना ते एकटेच वरच्या मजल्यावर जाऊन आले आणि वडिलांना त्यांनी अहवाल दिला, "घाला पोरीला. कॉलेज चांगलं आहे. कठडा छातीपर्यंत येतो."

पण मामा खरे फुलले ते बाजार उघडल्यावर. मी शाळेच्या शेवटच्या वर्गांत होते, आणि एकाएकी तंजावूरच्या दुकानांतून कधी न पाहिलेल्या वस्तू लटकू लागल्या. बोलणारी कुत्री, दिवे लागणारे भोवरे, परदेशी प्लग, केस वाळवायची यंत्रं. लोक हरखून गेले होते. मामाही हरखले, पण वेगळ्या कारणानं. इतक्या सगळ्या न तपासलेल्या वस्तू त्यांनी एका जागी कधी पाहिल्या नव्हत्या. वाचनालयातल्या एका जुन्या मासिकात त्यांना युरोपातल्या एका सरकारी कचेरीचा पत्ता सापडला. घातक वस्तू शोधून बाजारातून काढायचं काम ती कचेरी करत असे. मामांनी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिला पत्र लिहिलं, की तुमच्याकडे जे काढलं जातं त्याची यादी मला कळवाल का, कारण ते इथे येतं असा माझा संशय आहे. पत्राच्या वरच्या कोपऱ्यात नुसतं नाव घालायला त्यांना कसंसंच वाटलं, म्हणून त्यांनी लिहिलं: तंजावूर केंद्र.

दीड महिन्यानं उत्तर आलं. कचेरीतल्या एका बाईंनी लिहिलं होतं, पाकिटावर पत्ता होता 'संचालक, तंजावूर केंद्र', आणि आत यादी होती. त्या दिवसापासून आमचा पोस्टमन त्यांना 'डायरेक्टर सार' म्हणू लागला. या केंद्राची इमारत म्हणजे आत्याच्या घराची रस्त्याकडची तिण्णै, म्हणजे ओटा. त्यावर एक पत्र्याची पेटी, ओढ मोजायचा एक ताणकाटा आणि फोटो स्टुडिओतून मागून आणलेली फिल्मची रिकामी डबी. डबीचं महत्त्व मोठं होतं. बाईंनी एका पत्रातून एका नळकांड्याचं मापासह चित्र पाठवलं होतं. खेळण्याचा जो तुकडा त्या नळकांड्यात मावतो तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशातही जाऊ शकतो, असा त्यांच्याकडचा नियम. फिल्मची डबी त्या मापाच्या जवळपास भरली. किंचित मोठी होती, पण मामांचं म्हणणं, चूक व्हायचीच असेल तर ती सावधपणाच्या बाजूला व्हावी. मग ती डबी शर्टाच्या खिशात कायमची राहायला आली. चिंचोके, शर्टाची बटणं, सुपाऱ्या, पाटावरच्या रांगोळीतला खडा, सगळं त्या डबीत जाऊन आलं. एका बारशाला त्यांनी बाळाला आलेला खुळखुळा सर्वांदेखत ओढला, तो दोन तुकडे होऊन हातात आला. आतले दाणे डबीत मावले. त्यांनी ते खिशात टाकले आणि उरलेलं टरफल यजमानीण बाईंच्या हातात देऊन म्हणाले, "आता द्या, आता काही भीती नाही." त्या घरून आत्याला पुढची दोन वर्षं हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही.

बाईंच्या यादीत एकदा एका पिवळ्या रबरी बदकाचं चित्र आलं. दाबलं की त्याची पोटातली शिटी बाहेर निघते, म्हणून त्यांच्या देशात ते विकायला बंदी झाली होती. मामा यादी घेऊन आठवडाभर फिरले. ओरत्तनाडूचा बाजार झाला, पापनाशमच्या बसथांब्यावरची दुकानं झाली, आणि शेवटी आमच्याच जुन्या बस स्टँडजवळच्या एका दुकानात दोरीला माळेसारखी लटकलेली तीच बदकं सापडली.

"सार, फॉरिन माल!" दुकानदार म्हणाला.

"फॉरिननं ओकलेला माल," मामा म्हणाले आणि त्यांनी यादी पुढे धरली.

दुकानदार हसला. "हे कोणत्या बाईचं पत्र हो? घरी ठाऊक आहे का?"

मामांनी दोरीवरचं एक बदक ओढून घेतलं. दुकानाच्या पायरीवर बसले आणि मूल घेऊन येणाऱ्या प्रत्येक आईला बदक दाबून शिटी कशी निघते ते दाखवू लागले. चार वाजेपर्यंत दुकानदारानं त्यांना दोनदा कापी पाजली, हात जोडले, आणि शेवटी माळ उतरवून आत टाकली. मामांनी मात्र बदकाच्या तळाशी छापलेला नंबर उतरवून घेतला आणि बाईंना कळवला. बाईंच्या उत्तरात होतं की या नंबराचा माल अजून एका देशातही पाठवला गेला होता, आणि तुमच्या केंद्रामुळे तिथल्या कचेरीला सावध करता आलं. ते पत्र मामांनी मला तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "बघ बाळे, वस्तू जहाजात बसून कुठेही जाते. तिला कोणी अडवत नाही. तिच्या दोषाची खबर तेवढी सरहद्दीवर अडून राहते. ती पलीकडे नेणारं कुणीतरी लागतं." आणि स्वतःशीच हसले, कारण ते कुणीतरी म्हणजे तिण्णैवरची पत्र्याची पेटी होती.

आता जे सांगायचं आहे ते मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असतानाचं आहे, आणि ते मला हसत सांगता येत नाही.

माझे वडील बाहुल्या करतात. आमच्या तंजावूरची, मान डोलावणारी बाहुली. कागदाचा लगदा, मरवळ्ळीच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, पिठाची खळ, वर रंग. घागरा, धड आणि डोकं वेगवेगळं करून तारेवर तोललेलं, म्हणजे वाऱ्यानंही ती नाचते. देवळाजवळची दुकानं पूर्वी त्या घेत. मग साच्यातल्या प्लास्टिकच्या बाहुल्या आल्या आणि दुकानदार म्हणू लागले, पुढच्या महिन्यात बघू. वडिलांनी पापनाशमच्या भातगिरणीत राखणदाराची जागा विचारून ठेवली होती. आम्हाला ते सांगितलं नव्हतं, पण आईला ठाऊक होतं, म्हणजे मलाही होतं. अशात मद्रासच्या एका दलालानं एका प्रदर्शनात बाहुल्या पाहिल्या आणि परदेशातल्या एका दुकानासाठी मोठी मागणी आणली. ती पुरी झाली तर कारखाना, म्हणजे आमची मागची पडवी, चालू राहणार होती, नाहीतर गिरणी. मागणी आली ती नेमकी मामांच्या बाईंच्या देशातून.

मागणीबरोबर इंग्रजी कागद आला. तो भरायचं काम माझं. एका रकान्यात विचारलं होतं, ही वस्तू लहान मुलांच्या हाती जाण्याची शक्यता आहे का? मी एसटीडी बूथवरून दलालाला विचारलं. "नाही म्हणा," तो म्हणाला. "शोभेची वस्तू म्हणून लिहा. खेळणं लिहिलं की चाचण्या, मग वर्ष गेलं." वडिलांनाही ते पटलं, आणि खोटं म्हणून नव्हे, खरं म्हणूनच पटलं. संध्याकाळी मामा आले तेव्हा त्यांनी स्वतःच तो विषय काढला.

"भावजी, ही खेळणी नव्हेत. कोलूच्या बाहुल्या. नवरात्रात नऊ दिवस पायऱ्यांवर उभ्या राहतात, मग पेटीत जातात. कोलूतल्या बाहुलीशी कुणाची पोरं खेळतात? हात लावला तर पाठीत धपाटा बसतो."

"इथे बसतो," मामा म्हणाले. "तिथे कोलू नाही. तिथे ती मुलांच्या खोलीत जाणार." त्यांनी बाहुली उचलली, नाकातल्या नथीच्या मण्याला ताणकाट्याचा आकडा लावला आणि ओढलं. काटा हलायच्या आत मणी हातात आला.

"ओढल्यावर निघणारच!" वडील चिडले. "माझं नाक ओढा, तेही निघेल!"

"तुझं नाक कुणी तोंडात घालत नाही, गोपाळा."

आत्याला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला. पण वडील हसले नाहीत. त्यांनी मामांच्या हातून बाहुली काढून घेतली. "मी खरं तेच लिहायला सांगतोय."

"खरं आहे. पुरेसं नाही. आणि हा पिवळा रंग कशाचा आहे, त्यात शिसं आहे का, तेही आपल्याला ठाऊक नाही."

"तुम्ही त्या बाईंना कळवणार?"

मामांनी निघालेला मणी वडिलांसमोर ठेवला. "आपणहून नाही. विचारलं तर खोटं सांगणार नाही."

"सख्ख्या बहिणीच्या घरचा माणूस तुम्ही."

"म्हणून तर आधी इथे आलो."

त्यानंतर वडील त्यांच्याशी बोलायचे थांबले. मामा रोज सकाळी यायचे मात्र थांबले नाहीत. येत, गॅसची नळी दाबून बघत, कापी न घेता जात. आई पेला भरून ठेवायची, तो तसाच निवायचा. नवरात्र बसलं. मी कागदाचे सगळे रकाने भरले आणि तो एक सोडला. वडील विचारत, "झालं?" मी म्हणत असे, "एक शब्द शोधतेय." मी शब्द शोधत नव्हते. मला वडिलांची पडवी हवी होती आणि मामांना तोंड दाखवायचं होतं, आणि दोन्ही ज्यात बसेल असा शब्द मला कोणत्याच भाषेत येत नव्हता. नवव्या दिवशी सरस्वतीपूजेला सगळी पुस्तकं, कागद आणि वडिलांचे ब्रश कोलूच्या पायरीपाशी मांडले. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशीपर्यंत वाचायचं नाही, लिहायचं नाही. तो कागद मी पुस्तकांच्या मधोमध सरकवला, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मी देवीला विद्या मागितली नाही. एक दिवस मिळाला, एवढ्याचाच मला आनंद झाला होता.

विजयादशमीला सकाळी पुस्तकं उचलून आधी काहीतरी लिहितात. ते शुभ समजतात. वडील म्हणाले, "तो कागदच लिही." मी म्हटलं, संध्याकाळी लिहिते. संध्याकाळी कोलू उतरवायच्या आधी आमच्याकडे एक रीत आहे. पायरीवरची एक बाहुली आडवी करून झोपवतात, आणि झोपवायची ती घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या हातानं. लहानपणी ते काम माझं होतं. त्या वर्षी मामांची नात आली होती, नुकती वर्षाची झालेली. सणाचा दिवस, त्यामुळे मामा आणि आत्याही आले होते. मामा भिंतीला टेकून बसले. दरवर्षी आम्ही एक जुनी लाकडी बाहुली झोपवतो. वडील म्हणाले, "यंदा ही झोपवू." ती परदेशी जायची होती. वडिलांच्या मनात होतं की घरातून निघायच्या आधी तिला पापाचा हात लागावा. आमच्याकडे लहान मुलाला पापा म्हणतात.

आईनं पापाला मांडीवर घेतलं आणि बाहुली तिच्या पुढ्यात दिली. पापानं ती झोपवली नाही. दोन्ही हातांनी कवटाळली, तिची डोलणारी मान बघून खुदकन हसली, आणि नाकापाशी तोंड नेलं. इतकं सहज, की कुणाला हलायलाही सुचलं नाही. मामा अर्धे उठले होते, पण वडील जवळ होते. त्यांनी पापाची हनुवटी धरली, तोंडात बोट घातलं आणि नथीचा मणी बाहेर काढला. पापा भोकाड पसरून रडू लागली. तिच्या ओठांना पिवळा रंग लागला होता. बाहुलीची मान आपली डोलतच होती.

वडील त्या ओल्या मण्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता मामा बोलणार. पण ते परत भिंतीला टेकून बसले.

"भावजी," वडील म्हणाले. कित्येक दिवसांनी हा शब्द घरात उच्चारला गेला. "ती डबी द्या."

मामांनी खिशातून डबी काढून दिली. वडिलांनी मणी वरून सोडला. टिक असा बारीकसा आवाज झाला.

"बाळे, तो कागद आण," वडील म्हणाले.

"काय लिहू, अप्पा?"

"मुलांच्या हाती जाईल, असं लिही. मणी निघतो, तेही लिही. रंगाचं ठाऊक नाही म्हणावं."

"रकाना लहान आहे."

"मग मागच्या बाजूला लिही."

मी लिहिलं. विजयादशमीला मी लिहिलेली ती पहिली अक्षरं. शेजारी आईनं पापाचे ओठ पुसले आणि तिचा हात धरून त्याच बाहुलीला आडवं केलं. मामा उठून माझ्याजवळ आले. मला वाटलं, शाबासकी देतील. त्यांनी जमिनीवरचं माझ्या पेनाचं टोपण उचललं, डबीत घालून बघितलं आणि म्हणाले, "हे पापाजवळ ठेवू नकोस." मग आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, कापी आहे का?"

दलालानं ती मागणी रद्द केली. वडील दोन हंगाम गिरणीत रात्रीची राखणदारी करून आले. हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्या काळात दुपारभर ते आणि मामा पडवीत बसलेले असत. मामांनी बाईंना लिहून रंगात काय असू नये ते मागवलं, रंगाच्या डब्यांवरचे पत्ते शोधून कंपन्यांना कार्डं पाठवली. उत्तर दिलं एकीनंच, पण मोकळेपणानं दिलं. पिवळा आणि नारिंगी गेले. नवा पिवळा वडिलांना सहा महिने आवडला नाही. "आजारी माणसासारखा दिसतो," म्हणायचे. मणी गेले, त्या जागी दागिने ब्रशनं रंगवायचे ठरलं, आणि इतकी बारीक नथ आपल्याला रंगवता येते हे वडिलांना तेव्हाच कळलं. तारेची टोकं आत वळवली. नमुना मद्रासच्या प्रयोगशाळेत गेला तेव्हा मामा बरोबर गेले आणि आपल्या जुन्या जागेवरच्या नव्या माणसाला बजावून आले, "माझी ओळख आहे म्हणून हळू पाडू नकोस." पहिला नमुना नापास झाला. दुसरा उतरला. दुसऱ्या एका दलालामार्फत मागणी आली, पहिलीपेक्षा लहान, पण तेव्हापासून दर वर्षी येते. बाईंनी एक बाहुली आपल्या मेजावर ठेवली आहे. त्यांनी लिहिलं होतं की कचेरीत कुणाचं एकमत झालं नाही की सगळे तिला विचारतात, आणि ती सर्वांनाच हो म्हणते. मामांना ते आवडलं नाही. "तिथे असली बाहुली ठेवू नका म्हणून कळव," ते मला म्हणाले. मी कळवलं नाही.

मी आता एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मामांची तब्येत गेल्या पावसाळ्यापासून बरी नसते. आधी हात कापू लागले, मग मान. आता ती सतत हळूहळू डोलत असते, वरखाली, अगदी आमच्या पडवीतल्या बाहुल्यांसारखी. ज्यांनी जन्मभर कशाला मान डोलावली नाही, ते आता सगळ्यालाच डोलावतात. टॉर्च घेऊन आलेल्या पाहुण्याला, बस स्टँडवरच्या दुकानदाराला, कापीच्या पेल्याला. पोस्टमन नवीन आहे, पण 'डायरेक्टर सार' तोही म्हणतो. आत्या म्हणते, "या वयात एवढे ऐकणारे झालेत बघ." म्हणते आणि आत निघून जाते.

गेल्या आठवड्यात बाईंचं पत्र आलं. चुंबक बसवलेल्या एका नव्या खेळण्याबद्दल त्यांनी विचारलं होतं, तंजावूरच्या बाजारात दिसतं का म्हणून. मी कीळवासलपासून बस स्टँडपर्यंत फिरले, दोन दुकानांत ते मिळालं, नंबर उतरवून घेतला आणि उत्तर लिहून तिण्णैवर मामांना वाचून दाखवलं. त्यांच्या बोटांना आता पेन धरवत नाही. खाली 'तंजावूर केंद्र' लिहायच्या जागेपाशी मी थांबले.

"मामा, सही मी करू?"

त्यांची मान डोलत होती. मी वाट बघितली. ती डोलतच राहिली.

"मामा, हा होकार आहे, की नुसतीच मान?"

ते हसले. कापणारा हात खिशापाशी नेला, डबी बाहेर काढायला त्यांना बराच वेळ लागला. ती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "तपासून बघ."

मी पेन बाजूला ठेवलं, आणि पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.